पडद्याआड बोलका, मीटिंगमध्ये मुका

ताई,
मी 28 वर्षांचा, कोपरीला राहतो. वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या डिजिटल एजन्सीत साडेतीन वर्षं अकाउंट एक्झिक्युटिव्ह आहे. गेली सहा वर्षं दर दुसऱ्या रविवारी ऐरोलीला मित्राच्या घरी आमचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा खेळ असतो आणि डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी असतो. जग मी रचतो, राजापासून भटारखान्यातल्या पोऱ्यापर्यंत सगळ्यांचे आवाज मी काढतो. चार-चार तास. कळवा, घणसोली, नेरूळ, खारघरहून पोरं येतात. सहा वर्षांत एकच जण गळला, तोही पुण्याला बदली झाली म्हणून. आणि तोच मी क्लायंट मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही.
अप्रेझलला साहेबांनी विचारलं, तुझी ताकद काय? मी खेळाचं सांगितलं, म्हटलं मला स्टोरीटेलिंग जमतं. ते हसले. म्हणाले, "म्हणजे सुट्टीच्या दिवशी राक्षस मारतोस?" तेव्हापासून ऑफिसात माझं नाव राक्षस. बाबा (मूळ गाव कुडाळजवळ) म्हणतात, "फाशांनी कुणाचं भलं झालंय? पांडवांना विचार." पुढच्या महिन्यात एका चांगल्या कंपनीत ब्रँड एक्झिक्युटिव्हची मुलाखत आहे. खेळाचं सांगू की लपवू? आणि यातलं खरंच काही कामाला येतं, की मी स्वतःचीच समजूत घालतोय?
– फासेवाला, ठाणे पूर्व

प्रिय फासेवाल्या,

तुझं वय माझ्या भाच्याएवढं, त्यामुळे सरळ अरे-तुरेवर येते. शेवटचा प्रश्न आधी घेते. हो, कामाला येतं. पण जी ताकद म्हणून तू साहेबांपुढे ठेवलीस, ती तुझी खरी ताकद नाही असा मला दाट संशय आहे. त्यावर येतेच.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. हा खेळ 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांच्या नावावर आला. टेबलाभोवती चार-पाच माणसं बसतात. प्रत्येकाचं एक पात्र: कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक. एक जण डीएम, म्हणजे डंजन मास्टर. तो पुठ्ठ्याचा एक उभा पडदा लावून त्यामागे बसतो, प्रसंग सांगतो आणि विचारतो, "मग, तुम्ही काय करता?" खेळाडू आपापलं सांगतात. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. शेवटी कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. उरलेली गोष्ट पुढच्या खेपेला. महिनोन् महिने चालणाऱ्या अशा गोष्टीला ही मंडळी 'कॅम्पेन' म्हणतात. आम्ही मार्केटिंगवालेही आमच्या जाहिरातींना तेच म्हणतो. शब्द दोघांनीही लढाईवरूनच उचलला. हा खेळ पटावरच्या लढायांच्या खेळांतून निघाला, आणि आमच्या धंद्याला तर 'टार्गेट' आणि 'लाँच' सोडून बोलताच येत नाही.

मी स्वतः तो एकदाच खेळलेय. दोन वर्षांपूर्वी धो धो पावसात हार्बर बंद पडली आणि मी सीवूड्सला भाच्याकडे अडकले. "मावशी, एक माणूस कमी आहे, बस ना." मला चोर केलं. डीएम होती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी. प्रसंग असा: बंदरावरचं गोदाम, दारात पहारेकरी, आतून काहीतरी पळवायचं. योद्धा म्हणाला, मारू. मांत्रिक म्हणाला, मंत्र घालून झोपवू. माझी पाळी आली. खेळात काय चालतं, काय नाही, मला ठाऊक नव्हतं. म्हणून दारावरच्या कुठल्याही माणसाला मी जे विचारते तेच विचारलं: "काय दादा, जेवलात का?"

मुलीने पेन खाली ठेवलं. दोन सेकंद वर पंख्याकडे बघितलं. मग खांदे पाडून, आवाज घोगरा करून म्हणाली, "कुठलं ओ. डबा आलाच नाही आज."

पुढचा दीड तास आम्ही त्या पहारेकऱ्याचा डबा शोधत गावभर फिरलो. डबा घेऊन परत आलो तेव्हा त्याने स्वतःच दार उघडून दिलं. योद्ध्याची तलवार संध्याकाळभर म्यानातच राहिली, त्यामुळे तो जरा फुरंगटला होता. खेळ संपल्यावर मी त्या मुलीची वही बघितली. गोदामातल्या मारामारीची दोन पानं लिहिलेली, नकाशासकट. त्यातलं एक अक्षर वापरलं गेलं नव्हतं. "वाया गेलं की गं," मी म्हटलं. "येईल पुढे कधी कामाला," म्हणाली आणि वही मिटली.

चोवीस वर्षं मी मार्केटिंगमध्ये आहे. समोरचा वेगळंच काही बोलू लागल्यावर स्वतःचा तयार डेक, म्हणजे स्लाईडचा संच, असा शांतपणे मिटून ठेवणारी माणसं मी बोटांवर मोजू शकते. बहुतेकांचं असं असतं की चाळीस स्लाईड केल्यात म्हणजे चाळीस दाखवणारच, क्लायंटला तिसरीतच डुलकी लागली तरी. तुमच्यात याला शब्दसुद्धा आहे, 'रेलरोडिंग': खेळाडूंनी काहीही ठरवलं तरी डीएम गोष्ट आपल्याच रुळावरून रेटतो. सहा वर्षं पोरं तुझ्याकडे येतायत त्याअर्थी तू ते करत नसणार. केलं असतंस तर घणसोलीवाला तिसऱ्याच रविवारी "आज पाहुणे येणार आहेत" म्हणाला असता.

आता स्टोरीटेलिंगबद्दल. तो शब्द आजपासून टाकून दे. माझ्यापुढे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक रेझ्युमेवर तो असतो. दर सोमवारी 'हॅपी मंडे'ची पोस्ट टाकणाऱ्याच्याही असतो. त्यामुळे साहेब हसले याचा मला राग आला नाही. त्यांना तू रोज ऐकू येणारी गोष्ट सांगितलीस, वर राक्षसाची फोडणी दिलीस. गोष्ट सांगणारे पैशाला पासरी मिळतात. गोष्ट अर्धी सांगून थांबणारा, उरलेली समोरच्याला पुरी करू देणारा, आणि त्याने भलतंच काही केलं तर ते सांभाळून घेणारा माणूस दुर्मिळ. तो तू आहेस.

आणि मीटिंगमध्ये तुझी वाचा का बसते, याचंही उत्तर मला इथेच दिसतं. टेबलावर तुझं प्रत्येक बोलणं एका प्रश्नावर संपतं: मग, तुम्ही काय करता? तिथे तुला शहाणं दिसायचं नसतं, समोरच्याला खेळतं करायचं असतं. मीटिंगमध्ये मात्र तू समजतोस की आपण साहेबांसारखं ठासून बोललं पाहिजे. ते तुला जमत नाही, आणि खरं सांगू, त्याची गरजही नाही. ठासून बोलणारे एजन्सीत कधीच कमी पडत नाहीत. पुढच्या मीटिंगला ठरवून जा की आज आपण एकही मत मांडायचं नाही, फक्त तीन प्रश्न विचारायचे. आणि प्रश्न विचारून झाला की गप्प बसायचं. ते सगळ्यात अवघड, पण तुला सवय आहे. खेळाडू विचार करत असताना डीएम मधे बोलत नाही.

प्रश्न न विचारण्याची किंमत मी एकदा मोजलीय, ती सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी तुर्भ्याच्या मसाला मार्केटातला एक क्लायंट होता. दोघे तरुण भाऊ, उत्साही, पाकिटाला नवं रूप हवं होतं. सहा आठवडे आम्ही खपलो. रंग, अक्षरं, चमकदार की मॅट, सगळं. शेवटच्या मीटिंगला पहिल्यांदाच त्यांचे वडील आले. पांढरा सदरा, मांडीवर कापडी पिशवी. तिसऱ्या स्लाईडला त्यांनी हात वर केला. "आईचा फोटो कुठाय?" जुन्या पाकिटाच्या कोपऱ्यात नऊवारीतल्या एका बाईचा अंगठ्याएवढा फोटो होता. आम्ही तो 'क्लटर' म्हणून काढून टाकला होता. मीटिंग तिथेच संपली. वडील चिडलेसुद्धा नाहीत, पिशवी उचलून निघून गेले. चूक सर्वस्वी माझी. सहा आठवड्यांत मी एकदाही विचारलं नव्हतं की ही बाई कोण, आणि हेही नाही की शेवटचा होकार घरात कुणाचा.

तुम्ही लोक हे खेळ सुरू व्हायच्या आधीच उरकता, त्याला 'सेशन झिरो' म्हणता. भाच्याने मला समजावून सांगितलं: पहिल्या बैठकीत खेळायचंच नाही, नुसतं ठरवायचं. गोष्ट गंभीर हवी की हसतखेळत, कुठले विषय कुणालाही टेबलावर नकोत, कोण कधी येऊ शकतो, मतभेद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा. मी थक्क झाले. आमच्या धंद्यात लाखांची कामं 'ब्रीफ' नावाच्या अर्ध्या पानावर सुरू होतात, आणि ते अर्धं पानही पुष्कळदा व्हॉट्सअॅपवर आलेलं असतं. तू पुढच्या क्लायंटबरोबर सेशन झिरो कर. नाव घेऊ नकोस, नुसतं कर. कशाला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी विचार. मसालावाल्याला हे विचारलं असतं तर तो फोटो आजही पाकिटावर असता आणि क्लायंट आमच्याकडे.

यापुढची गोष्ट माझ्या फार जिव्हाळ्याची, म्हणून जरा लांबवते. आमच्याकडे 'पर्सोना' नावाचा एक कागद करतात, म्हणजे नमुन्याचं एक गिऱ्हाईक कल्पून त्याची माहिती लिहितात. तूही केला असशील. रोहन, वय 32, ठाणे पश्चिम, आयटी, पगार अमुक, फिटनेसची आवड, कॉफी आवडते. शेजारी हसऱ्या माणसाचा विकतचा फोटो. आता मला सांग, हा रोहन तू रविवारी टेबलावर चालवू शकशील? त्याच्या आवाजात बोलू शकशील? नाही जमणार, कारण त्याला काही हवंच नाहीये. तुझ्या भटारखान्यातल्या पोऱ्याला तू दोन ओळींत उभा करतोस. त्याला काय हवंय, तो कशाला घाबरतो, आणि तो कुणाला नाही म्हणू शकत नाही. हे तीन धागे धरले की खेळाडूंनी काहीही विचारलं तरी पोरगा उत्तर देतो. कॉफी आवडते की चहा, हे त्याच्या कागदावर नसतं.

घोडबंदर रोडवरच्या एका गृहप्रकल्पाच्या कामात मी होते तेव्हाचं सांगते. आमच्या जाहिरातीत तरणतलाव होता, क्लबहाऊस होतं, डोंगराचा देखावा होता. एका शनिवारी मी साइटवर नुसती कोपऱ्यात बसून राहिले. एक कुटुंब आलं: नवरा-बायको, शाळकरी मुलगी आणि नवऱ्याची आई. सेल्सचा मुलगा सातव्या मजल्यावरच्या तलावाबद्दल बोलत होता. आजी मधेच म्हणाल्या, "त्या तलावात पाणी टँकरचं की पालिकेचं?" मुलगा हसला आणि पुढे क्लबहाऊसवर गेला. सुनेने नवऱ्याकडे बघितलं. घोडबंदरला राहणाऱ्या कुणालाही विचार, टँकर या शब्दाला तिथे काय वजन आहे. माझ्या लेखी विक्री त्या क्षणी संपली होती. पुढचा पाऊण तास नुसतं सौजन्य. आमचा पर्सोना होता नवरा. पाण्याची भीती होती आजींना. आणि नवरा नाही म्हणू शकत नव्हता तो आईला. आजींचा कागद आम्ही केलाच नव्हता.

पुढच्या जाहिरातीत पाणी कुठून, किती वेळ, हे मी पहिल्या ओळीत घालायला लावलं. तलाव खाली गेला. कुणीतरी म्हणालं, याने ब्रँड स्वस्त दिसतो. दिसू दे. (याच प्रकल्पाची पहिली जाहिरात वरच्यांनी पितृपक्षात सोडली होती, कारण त्या आठवड्यात जाहिरातीच्या जागेचे दर कमी होते. का कमी होते हे त्यांना कोपरीतल्या कुठल्याही आजीने फुकट सांगितलं असतं.)

तेव्हा तुझ्या सध्याच्या एका क्लायंटच्या गिऱ्हाइकाचा एक कागद कर, पण तुझ्या पद्धतीने. तीन धागे लिही आणि त्याच्या आवाजात दोन मिनिटं बोलून बघ. घरी, आरशासमोर, दार लावून. जिथे अडशील तिथे तुला त्या माणसाबद्दल काही माहीत नाही असं समज, आणि ते विचारायला बाहेर पड.

फाशांकडे वळू. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकडा पडायची शक्यता पाच टक्के, हे तू झोपेतही सांगशील. 11 किंवा वर पडायची शक्यता निम्मी. पण 'अॅडव्हांटेज' मिळाला, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा, तर ती 75 टक्क्यांवर जाते, हेही तुझ्या बोटांत बसलेलं असणार. हा अंदाज सोन्यासारखा आहे. आमच्याकडे दोन जाहिराती हजार-हजार लोकांना दाखवतात, एकीवर 10 क्लिक येतात, दुसरीवर 14, आणि लगेच मेल जातो: 'बी' जिंकली, 'ए' बंद करा. सहा वर्षं फासे टाकलेल्या माणसाला एवढं कळायलाच हवं की 10 आणि 14 मध्ये फासा जिंकतो, जाहिरात नाही. पुढच्या खेपेला नेमकं उलट येऊ शकतं. आता तुम्हीही काही धुतल्या तांदळासारखे नाही. सारखा लहान आकडा दाखवणारा फासा तुम्ही डबीत कोंडून ठेवता आणि त्याला 'जेल' म्हणता, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण तुम्ही ते हसत करता. आमच्याकडे तीच अंधश्रद्धा एक्सेलमध्ये भरून गंभीर चेहऱ्याने सादर होते.

चांगल्या डीएमची आणखी एक सवय असते: निकालाने काही फरक पडणार नसेल तर तो फासा टाकायलाच लावत नाही. साधं दार उघडायला कशाला फासा? हाच नियम चाचण्यांना लाव. बटण निळं की हिरवं याची चाचणी घ्यायच्या आधी विचार, की निळं जिंकलं तर आपण काय वेगळं करणार? उत्तर 'काही नाही' असेल तर ते पैसे वाचव.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'बाहेरचा एक नियमही तुला देते, कदाचित माहीत असेल. 2010 साली आलेल्या व्हिन्सेंट बेकरच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या खेळात साधे दोन फासे टाकतात. बेरीज 10 किंवा वर आली तर फत्ते, 6 किंवा खाली आली तर संकट, आणि 7 ते 9 आली तर काम होतं पण किंमत मोजून. अधिक-उणे काही धरलं नाही तर निखळ फत्ते 36 पैकी फक्त 6 वेळा होते, आणि हे 'झालं, पण' 15 वेळा. आमच्या धंद्याचं याहून खरं वर्णन मी ऐकलेलं नाही. अक्षय्य तृतीयेला घरांच्या एका कामात आमचे लीड, म्हणजे चौकशी करणारी गिऱ्हाइकं, तिपटीने आले. टाळ्या पडल्या. फोन करायला माणसं मात्र दोनच. काहींना चौथ्या दिवशी फोन गेला, तोवर त्यांनी शेजारच्या इमारतीत टोकन भरलं होतं. रिपोर्टमध्ये लिहिलं 'यश'. तिथे 'झालं, पण' असं लिहिणारा एकही माणूस आमच्या टीममध्ये नव्हता.

आता तुझ्या खेळातलं काय इथे आणू नकोस, ते सांगते. या बाबतीत मी कडक आहे.

तुझा पडदा. डीएम पडद्याआड फासा टाकतो, आणि कधी कधी पडलेला आकडा गिळून दुसराच सांगतो, कारण खेळाडूचं लाडकं पात्र पहिल्याच मारामारीत मरू नये. तुमच्यात यावर वाद आहेत हे मला माहीत आहे. टेबलावर ते माफ असेल. क्लायंटच्या रिपोर्टमध्ये नाही. वाईट महिना गेला की तक्त्याची तारीख सरकवायची, 'रीच', म्हणजे जाहिरात किती जणांपर्यंत पोचली तो आकडा, मोठ्या अक्षरांत आणि विक्री खाली बारीक, हे पडद्याआडचे फासेच. एकदा सवय लागली की सुटत नाही, आणि तुला तर हात आधीच बसलेला आहे, म्हणून जास्त जप.

तुझे घरचे नियम. टेबलावर नियम आवडला नाही तर तू बदलतोस. महाराष्ट्रात घराच्या जाहिरातीवर महारेराचा (गृहप्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी क्रमांक लागतोच, आणि 1 ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोडही. बल्क एसेमेस मंजूर टेम्प्लेटबाहेर जात नाही. तुमच्या गटात नियमपुस्तक उघडून वाद घालणारा एखादा 'रूल्स लॉयर' असेलच, ज्याला सगळे वैतागतात. कामावर तसा एक शोध आणि त्याच्याशी दोस्ती कर.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. तुझे पाच जण खारघरपासून स्वतःच्या पायांनी, चार तास काढून, तुझं ऐकायला येतात. गिऱ्हाईक आलेलं नसतं. ते ठाण्याच्या फलाटावर एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन उभं असतं, गाडी येतेय का बघत, आणि त्याचा अंगठा तुझ्या जाहिरातीवरून सरकून गेलेला असतो. तिथे प्रास्ताविक नाही, नकाशा नाही, 'हजार वर्षांपूर्वी या राज्यात' नाही. डीएम मंडळींची कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, लांबते, हा माझा अनुभव आहे. पहिला परिच्छेद लिही आणि खोडून टाक. जाहिरात पुष्कळदा दुसऱ्यापासून सुरू होते.

आता मुलाखत. लपवू नकोस, पण खेळाचं नाव शेवटी घे. रेझ्युमेत 'छंद' या रकान्यात 'डंजन मास्टर' लिहिलंस तर वाचणारा एक तर हसेल, नाही तर पुढे जाईल. त्याऐवजी एक ओळ लिही: "सहा वर्षं, दर दुसऱ्या रविवारी, पाच जणांच्या गटासाठी चार तासांचा कथाखेळ रचतो आणि चालवतो, सहा वर्षांत एकच सदस्य गळला." मार्केटिंगमधला माणूस 'एकच गळला'वर थांबतो. गिऱ्हाईक टिकवणं म्हणजे काय हे त्याला माहीत असतं. आणि ठाणे-नवी मुंबईतल्या सहा नोकरदारांची रविवारची तारीख जुळवणं हा ड्रॅगनपेक्षा मोठा राक्षस आहे, हेही.

विचारलंच तर उत्तर मिनिटभराचं ठेव. साधारण असं: "मी प्रसंग उभा करतो आणि विचारतो, तुम्ही काय कराल. ते बहुतेक वेळा मी ठरवलेलं करत नाहीत. मग माझी तयारी बाजूला ठेवून त्यांनी जे केलं त्यावर पुढचं रचावं लागतं. कामावर मी हेच केलं." आणि इथे कामातला एक खरा प्रसंग हवा. तो नसेल तर महिना हातात आहे, वर सांगितलेले तीन प्रश्न एखाद्या मीटिंगमध्ये विचार, प्रसंग आपोआप मिळेल. उत्तर इंग्रजीत द्यायचं असलं तरी आधी मराठीत घोळव, मग भाषांतराचा वास येणार नाही. ड्रॅगनची गोष्ट मात्र त्यांनी दोनदा विचारल्याशिवाय सांगायची नाही. आणि आवाज काढून दाखवू नकोस. आग्रह केला तरी नाही.

साहेबांचं सोड. राक्षस हे नाव काही वाईट नाही. दशावतारात राक्षस आल्याशिवाय रंग चढत नाही.

दशावतारावरून बाबा आठवले. कुडाळकडचे म्हणजे देवळासमोर रात्र रात्र बसून त्यांनी दशावतार बघितलेला असणारच. त्यांना विचार, त्या नटांच्या हातात संहिता असते का? नसते. रंगायच्या आधी आख्यान कुठलं आणि कोण कुठे येणार एवढं ठरतं, बाकी संवाद जागच्या जागी. समोर पेंगू लागले की लांबण आवरायची, रंगले की वाढवायची. तू ऐरोलीत टेबलावर बसून तेच करतोस, फक्त तोंडाला रंग नाही. पांडवांचं म्हणशील, तर त्यांना फाशांनी नाही, पणाने बुडवलं. तुमच्या टेबलावर पणाला लागतो तो फार तर शेवटचा समोसा.

एखाद्या रविवारी त्यांनाच घेऊन जा. पात्राचा कागद, आकडे, काही समजावू नकोस. नाक्यावरचा जकातदार करायला सांग आणि पोरांना म्हणावं, आता याच्यापुढून माल न्या. मालवणी माणसाच्या हातात जकात दिल्यावर तुझ्या योद्ध्याचं काय होतं ते मला बघायचंय, कळव.

आणि मुलाखतीच्या आधीचा खेळ रद्द करू नकोस. फक्त त्या रविवारी ट्रान्स हार्बरला मेगाब्लॉक आहे का तेवढं आधी बघ.

– ताई